महाकाय प्राण्यांच्या चित्रपटांवर आणि अद्भुतरम्य अ‍ॅनिमेशनपटांवर एकत्र चर्चा कशी करावी

१० मार्च २०२४ रोजी झालेल्या ऑस्कर सोहळ्यात जपानच्या दोन चित्रपटांना पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा पुरस्कार हायाओ मियाझाकी यांच्या ‘द बॉय अँड द हेरॉन’ला मिळाला आणि दृश्य परिणामांचा पुरस्कार ताकाशी यामाझाकी यांच्या ‘गॉडझिला मायनस वन’ने पटकावला. त्या दिवशी दोन्ही प्रकारच्या चाहत्यांना सारखाच आनंद झाला, तरी बहुतेक ठिकाणी तो वेगवेगळ्या बैठकांत साजरा झाला. अ‍ॅनिमेशनचे रसिक महाकाय प्राण्यांच्या चित्रपटांना केवळ तोडफोडीचा खेळ समजतात आणि त्या चित्रपटांच्या चाहत्यांना अ‍ॅनिमेशनमधील अद्भुतकथा फारच कोवळ्या वाटतात. मी दोन्हींचा चाहता आहे आणि या दोन गटांना एकाच खोलीत बसवून केलेली चर्चा सर्वांत जास्त रंगते, असा माझा अनुभव आहे. ती चर्चा कशी जमवावी, कोठून सुरू करावी आणि कोठे घसरू देऊ नये, याविषयी हे मार्गदर्शन आहे.

माझे मुख्य सांगणे असे आहे की चर्चेची सुरुवात क्रमवारीपासून किंवा आवडीनिवडीपासून न करता पडद्यावर दिसलेल्या एका दृश्यापासून करावी आणि त्या दृश्याला पहिला प्रश्न असा विचारावा: समोरची आकृती एवढी मोठी आणि एवढी जड का वाटते? कागदावर रेखाटलेला प्राणी आणि रबरी पोशाखातला माणूस या दोघांनाही स्वतःचे वजन नसते, किंवा असते ते भलतेच असते. ते वजन प्रेक्षकाच्या मनात निर्माण करणे हे दोन्ही प्रकारच्या कलावंतांचे समान काम आहे आणि म्हणून दोन्ही गटांना बोलता येईल असा तो समान विषय आहे.

आधी कोणती प्रत पाहायची ते ठरवा

चर्चेला येणाऱ्या सर्वांनी एकच प्रत पाहिलेली असावी, ही अट क्षुल्लक वाटते, पण तिच्याअभावी संध्याकाळ वाया गेलेली मी पाहिली आहे. एकदा आमच्या गटात १९५४ च्या ‘गोजिरा’वर (गॉडझिलाचे मूळ जपानी नाव) जवळजवळ तासभर वाद चालला. एक जण चित्रपटात अमेरिकी वार्ताहर आहे असे ठामपणे सांगत होता, तर दुसरा तसे कोणतेही पात्र नाही यावर अडून बसला होता. दोघेही खरे बोलत होते. जपानमध्ये ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झालेला इशिरो होंडा यांचा मूळ चित्रपट ९६ मिनिटांचा आहे. अमेरिकेत १९५६ मध्ये आलेली प्रत त्याहून सुमारे पंधरा मिनिटांनी लहान असून तिच्यात रेमंड बर या अभिनेत्याची वार्ताहराची भूमिका नव्याने चित्रित करून जोडली आहे आणि अणुबॉम्बविषयीचे बरेच थेट उल्लेख तिच्यातून गळाले आहेत. ज्याने केवळ दुसरी प्रत पाहिली आहे, त्याला मूळ चित्रपटाच्या दुःखाविषयी बोलता येणार नाही आणि तो त्याचा दोष नाही.

अ‍ॅनिमेशनच्या बाबतीतही हेच घडले आहे. मियाझाकी यांचा ‘नाउसिका’ १९८४ मध्ये आला. अमेरिकेत तो ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने दाखवला गेला, तेव्हा त्यातील वीसहून अधिक मिनिटे कापली गेली होती. त्यानंतर परदेशी वितरणात एकही कात्री लागू न देण्याचा आग्रह मियाझाकींच्या घिबली स्टुडिओने धरला आणि ‘प्रिन्सेस मोनोनोके’च्या वेळी तर अमेरिकी वितरकाला ‘कापाकापी नको’ या संदेशासह तलवार भेट देण्यात आली.

कापलेली मिनिटे निदान मोजता तरी येतात. भाषांतरात जोडलेले शब्द सहज लक्षात येत नाहीत. मियाझाकींच्याच ‘स्पिरिटेड अवे’च्या अखेरीस नायिका चिहिरो आईवडिलांसोबत मोटारीत बसते. इंग्रजी डबिंगमध्ये या ठिकाणी वडील नव्या घराविषयी आणि नव्या शाळेविषयी बोलतात आणि चिहिरो ‘मला जमेल असे वाटते’ अशा अर्थाचे उत्तर देते. मूळ जपानी चित्रपटात हा संवादच नाही. तिच्यात काय बदलले हे मूळ चित्रपट प्रेक्षकावर सोडतो, तर डबिंग ते सांगून टाकते. त्यामुळे चिहिरो शेवटी खंबीर झाली का, यावर चर्चा करताना कोणी कोणते शब्द ऐकले, हे आधी विचारावे. माझा सल्ला असा की शक्य असेल तेव्हा मूळ ध्वनी आणि उपशीर्षके यांची प्रत निवडावी. मात्र ज्यांना पडद्यावर वाचता वाचता चित्राकडे दुर्लक्ष होते असे वाटते, त्यांना डबिंगची प्रत पाहिल्याबद्दल कमी लेखू नये, कारण अ‍ॅनिमेशनमध्ये चित्राकडे लक्ष देणे हेही तितकेच महत्त्वाचे असते.

एक दृश्य घ्या आणि ते दोनदा पाहा

संपूर्ण चित्रपटावर एका बैठकीत बोलू नये. दोन-तीन मिनिटांचे एक दृश्य निवडावे, ते आधी आवाज बंद करून पाहावे आणि नंतर डोळे मिटून केवळ ऐकावे. ही पद्धत कोणालाही जमते आणि तिच्यातून जे हाती लागते ते पाठ केलेल्या माहितीपेक्षा जास्त असते.

उदाहरणादाखल ‘माय नेबर टोटोरो’मधील बसथांब्याचे दृश्य घ्या. पाऊस पडत आहे, सात्सुकीच्या पाठीवर तिची धाकटी बहीण मेई झोपली आहे आणि शेजारी डोक्यावर पान ठेवलेला टोटोरो हा रानातला केसाळ महाकाय जीव येऊन उभा राहतो. सात्सुकी त्याला वडिलांसाठी आणलेली छत्री देते. झाडावरचे थेंब छत्रीवर टपटपतात, त्या आवाजाने त्याचे अंग फुलारते, तोंडभर हसू पसरते आणि तो उडी मारतो. आवाज बंद करून पाहताना लक्षात येते की टोटोरो किती जड आहे हे त्याच्या शरीरातून फारसे कळतच नाही. तो जमिनीवर आदळतो, मग क्षणभर काहीच होत नाही आणि नंतर आजूबाजूच्या झाडांवरचे सारे पाणी एकदम कोसळते. हादरा जमिनीतून खोडात, खोडातून फांद्यांत आणि फांद्यांतून पानांत जायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ चित्रकारांनी थांबून दिलेला आहे. टोटोरोचे वजन त्या थांबण्यात आहे.

आता त्याच्या शेजारी १९५४ च्या ‘गोजिरा’मधील ओदो बेटावरच्या टेकडीचे दृश्य ठेवा. चित्रपटाची शीर्षकेच पावलांच्या दणक्यांनी सुरू होतात, म्हणजे प्रेक्षक त्या प्राण्याला आधी कानांनी ओळखतो. वादळाच्या रात्री घरे चिरडली जातात, पण आकृती स्पष्ट दिसत नाही. नंतर जमिनीवरचा पावलाचा प्रचंड ठसा सापडतो, जो किरणोत्सर्गी असतो. घंटा वाजते, गावकरी टेकडी चढत धावतात आणि माथ्यापलीकडून एक डोके वर येते. चढणारी माणसे त्याच वाटेने उलटी पळू लागतात. येथेही मोठेपणाचा परिणाम प्राण्याच्या शरीरातून कमी आणि टेकडीच्या रेषेतून, माणसांच्या बदललेल्या दिशेतून आणि आधी ऐकलेल्या दणक्यांतून अधिक होतो. प्राणी निघून गेल्यावर लोक वरून पाहतात, तर किनाऱ्यावर समुद्राकडे गेलेली पावले उमटलेली असतात. एका चित्रपटात महाकाय जीव कोणालाही न दुखावता पावसाचा आनंद घेतो, दुसऱ्यात तो घरे चिरडतो, पण दोन्ही ठिकाणी तो जे हलवतो त्यावरून त्याचे आकारमान आपल्याला कळते. ही गोष्ट दोन्ही गटांतील माणसांनी एकमेकांना दाखवली की पुढचे बोलणे सोपे होते.

डोळे मिटून ऐकण्याचेही फळ मिळते. गोजिराची आरोळी संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी कोणत्याही प्राण्याच्या आवाजावरून घेतलेली नाही. कॉन्ट्राबास या मोठ्या तंतुवाद्याची तार राळ लावलेल्या चामडी हातमोज्याने घासून ती मिळवली आणि ध्वनिमुद्रणाचा वेग बदलून तिला आजचे रूप दिले. आणखी एक बारकावा चर्चेत अवश्य मांडावा. शीर्षकांवेळची जी दणदणीत धून आज गोजिराची म्हणून ओळखली जाते, ती मूळ चित्रपटात माणसांच्या प्रतिकाराच्या दृश्यांशी जोडलेली आहे. पुढच्या चित्रपटांतून ती हळूहळू त्या प्राण्याची झाली. धून कोणाची, या एका प्रश्नावर चाहत्यांची एक पूर्ण संध्याकाळ छान जाऊ शकते.

वजनाचे गणित समजून घ्या

येथे थोडे रेंगाळावे असे मला वाटते, कारण महाकाय प्राण्यांच्या चित्रपटांवरील निम्मे वाद या गणिताच्या अज्ञानातून होतात. एखादे दृश्य ‘खेळण्यासारखे दिसते’ असे कोणी म्हणतो, दुसरा चिडतो आणि नेमके काय चुकले हे दोघांनाही सांगता येत नाही.

१९५४ मध्ये गोजिराची उंची ५० मीटर ठरवण्यात आली आणि टोकियोच्या प्रतिकृती मुख्यतः एकास पंचवीस या प्रमाणात बांधण्यात आल्या. म्हणजे पोशाख घातलेला सुमारे २ मीटर उंचीचा नट त्या नगरात ५० मीटरचा प्राणी ठरतो. विशेष दृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया १९३३ च्या ‘किंग काँग’ने भारावलेले होते. त्या चित्रपटात विलिस ओब्रायन यांनी बाहुली कणाकणाने हलवून एकेक चौकट (फ्रेम) टिपली होती. ‘गोजिरा’ची निर्मिती करणाऱ्या तोहो कंपनीकडे तेवढा वेळ नव्हता, म्हणून पोशाखाचा मार्ग निवडला गेला. पहिला पोशाख जवळजवळ १०० किलोचा आणि इतका ताठर होता की तो घालून काही पावलेही धड टाकता येत नसत. तो घालणारे हारुओ नाकाजिमा यांनी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वले कशी चालतात हे पाहिले होते आणि पुढे १९७२ पर्यंत ही भूमिका मुख्यतः त्यांनीच केली. गोजिराचे चालणे आपल्याला जड वाटते, त्यामागे हे निरीक्षण आहे आणि खरोखरच जड असलेला पोशाखही आहे.

आता पडण्याचा वेळ पाहा. ५० मीटर उंचीवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला सुमारे ३.२ सेकंद लागतात. प्रतिकृतीत तोच दगड २ मीटरवरून पडतो आणि सुमारे ०.६४ सेकंदात खाली येतो. हे नेहमीच्या वेगाने चित्रित केले, तर प्रेक्षकाची नजर ते लगेच पकडते आणि सारे नगर टेबलावर मांडल्यासारखे वाटते. पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. २५ चे वर्गमूळ ५, म्हणून कॅमेरा पाचपट वेगाने चालवायचा, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२० चौकटी टिपायच्या आणि दाखवताना त्या २४ च्या वेगाने दाखवायच्या. मग ०.६४ सेकंद ताणून ३.२ सेकंद होतात आणि वाळूच्या चिमटीला इमारतीच्या ढिगाऱ्याचे वजन येते. पुढच्या वेळी एखादे दृश्य खोटे वाटले, तर इमारत कोसळायला किती वेळ लागला हे मोजून पाहावे आणि मग मत द्यावे.

हेच गणित रेखाटणाऱ्यालाही पाळावे लागते. त्याच्याकडे वेगाने चालणारा कॅमेरा नसतो, त्यामुळे ३.२ सेकंदांच्या पडण्यासाठी त्याला सुमारे ७७ चौकटींचा हिशेब मनात ठेवावा लागतो. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तरी ३८-३९ चित्रे लागतात आणि पहिल्या काही चित्रांत दगड जवळजवळ हललेला दिसू नये, शेवटच्या चित्रांत मात्र तो झपाट्याने सरकावा, हे अंतर त्याला हाताने सांभाळावे लागते. पोशाखातल्या प्राण्यांच्या चाहत्यांनी हे समजून घेतले, की अ‍ॅनिमेशनमधील ढिगाऱ्याकडे ते वेगळ्याच आदराने पाहू लागतात.

उंचीच्या आकड्यांवरून चाहत्यांत नेहमी चढाओढ लागते. आकडे सांगावेत, पण त्यांचे कारणही सांगावे. १९५४ च्या गिंझा भागातील इमारतींवरून डोके दिसावे म्हणून ५० मीटर पुरेसे होते. १९८४ पर्यंत टोकियोत गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि गोजिरा ८० मीटरचा झाला, १९९१ मध्ये १०० मीटरचा आणि २०१६ च्या ‘शिन गोजिरा’त ११८.५ मीटरचा. ‘मायनस वन’ची कथा युद्धोत्तर काळातील आहे, म्हणून तेथे तो पुन्हा ५०.१ मीटरवर आला. शहर वाढले की प्राणी वाढतो आणि शहर उद्ध्वस्त अवस्थेत असले की तोही लहान होतो.

दोन परंपरा जोडणारे दुवे दाखवा

‘नाउसिका’तील ओमू हे महाकाय कीटक या चर्चेत आणलेच पाहिजेत. त्यांच्या पाठीवरचे कवच अनेक खंडांचे आहे आणि चालताना प्रत्येक खंड पुढच्या खंडाच्या आत-बाहेर सरकतो. एवढे बारीक छायांकन केलेले कवच प्रत्येक चौकटीसाठी नव्याने काढणे अशक्यप्राय होते. म्हणून खंड वेगवेगळे रंगवून कापण्यात आले, एकमेकांना लवचीक रबराने जोडण्यात आले आणि ताण देत, सैल सोडत, चौकटीगणिक त्यांचे चित्रीकरण झाले. म्हणजे अ‍ॅनिमेशनच्या टेबलावर जवळजवळ एक बाहुलीच हलवली जात होती. रेखाटलेले आणि घडवलेले यांच्यातली सीमा वाटते तेवढी पक्की नाही, हे सांगायला याहून चांगला दाखला माझ्या पाहण्यात नाही.

त्याच चित्रपटात अर्धवट घडलेला अग्निदैत्य चिखलासारखा वितळत येतो आणि ओमूंच्या कळपावर आग ओकतो. ते दृश्य तरुण हिदेआकी आन्नो यांनी रेखाटले होते. हेच आन्नो पुढे शिंजी हिगुची यांच्याबरोबर ‘शिन गोजिरा’चे दिग्दर्शक झाले. हिगुची यांनी त्याआधी १९९५ ते १९९९ या काळातील गामेरा या महाकाय कासवाच्या तीन चित्रपटांची विशेष दृश्ये घडवली होती, ज्यांत कॅमेरा वारंवार रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेइतका खाली ठेवलेला आहे. आणि २०१२ मध्ये टोकियोच्या समकालीन कला संग्रहालयात आन्नो यांच्या पुढाकाराने विशेष दृश्यांच्या कलेचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्याच अग्निदैत्यावर एक लघुपट तयार झाला. तो घिबलीने निर्माण केला, हिगुची यांनी दिग्दर्शित केला आणि त्यात संगणकीय चित्रे न वापरता प्रतिकृतींनी टोकियो जाळून दाखवण्यात आले. रेखाटलेला दैत्य प्रत्यक्ष प्रतिकृतींच्या नगरात उतरला, तो असा. ज्या गटात ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ अशी भाषा सुरू होते, तेथे मी ‘नाउसिका’तील ते दृश्य आणि हा लघुपट एकापाठोपाठ दाखवावा असे सुचवतो.

संगणक विरुद्ध पोशाख या वादातही असेच दुवे उपयोगी पडतात. ‘शिन गोजिरा’तील प्राणी संगणकावर घडवलेला आहे, परंतु त्याची चाल क्योगेन या पारंपरिक रंगभूमीचे नट मान्साई नोमुरा यांच्या हालचालींवरून टिपलेली आहे. पोशाख गेला तरी आतला नट राहिलाच. ‘मायनस वन’मधील समुद्राची दृश्ये पाहताना तर हा वाद मला गैरलागू वाटू लागतो. दिग्दर्शक यामाझाकी स्वतःच दृश्य परिणामांचेही प्रमुख होते, त्यामुळे कोणत्या क्षणी प्राणी दाखवायचा आणि कोणत्या क्षणी केवळ पाण्याचा फुगवटा, हा निर्णय एकाच मनाने घेतलेला जाणवतो.

शब्द जपून वापरा

मराठीत आपण या प्राण्यांना सहजपणे राक्षस म्हणतो. चर्चेत हा शब्द शक्यतो टाळावा. राक्षस म्हटले की दुष्ट हेतू गृहीत धरला जातो, तर ‘कायजू’ या जपानी शब्दाचा अर्थ विचित्र किंवा अनाकलनीय पशू एवढाच आहे. १९६१ च्या चित्रपटातील मोथ्रा ही महाकाय पतंग-कीटक पळवून नेलेल्या दोन इवल्याशा स्त्रियांना परत न्यायला येते. तिच्या वाटेत शहर येते, म्हणून ते मोडते. तिला राक्षसीण म्हटले, तर चित्रपटाचे अर्धे मर्म हरवते. ‘कायजू’ किंवा ‘महाकाय प्राणी’ म्हणावे, पोशाख आणि प्रतिकृतींच्या कलेला ‘तोकुसात्सू’ म्हणावे, आणि नवख्या माणसासमोर हे शब्द पहिल्यांदा येतील तेव्हा त्यांचा अर्थ एका वाक्यात सांगावा.

कालखंडांची नावेही गोंधळ घालतात. शोवा, हेइसेइ, मिलेनियम आणि रेइवा अशी गोजिरापटांची विभागणी जपानी सम्राटांच्या कारकिर्दींवरून रूढ झाली आहे, अपवाद मिलेनियमचा. मात्र हेइसेइ मालिकेतील पहिला चित्रपट १९८४ चा आहे आणि हेइसेइ काळ सुरू झाला १९८९ मध्ये. ही चाहत्यांची सोयीची विभागणी आहे हे लक्षात ठेवले, की तारखांवरून एकमेकांना खोडून काढण्याची गरज उरत नाही.

अर्थ शोधताना पडदा सोडू नका

गोजिरा म्हणजे अणुबॉम्ब, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक चर्चेत येते आणि बहुतेक वेळा तेथेच चर्चा थांबते. ते खरे आहे, पण ते दाखवून द्यावे लागते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तेव्हा ‘दाइगो फुकुर्यु मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांवर किरणोत्सर्गी राख पडली आणि त्यांच्यापैकी रेडिओचालक सप्टेंबरमध्ये मरण पावला. नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट समुद्रातील नौकेवर अचानक झालेल्या प्रकाशाने सुरू होतो. त्या वेळच्या प्रेक्षकाला वेगळे काही सांगायची आवश्यकता नव्हती. आगगाडीतील एक तरुणी म्हणते की नागासाकीतून जीव वाचवला आणि आता हे आले. जळणाऱ्या इमारतीखाली एक आई मुलांना कवटाळून आपण लवकरच बाबांकडे जाऊ असे सांगते. रुग्णालयात एका मुलाजवळ किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र धरले जाते आणि डॉक्टर काही न बोलता मान हलवतात. प्रतीकाविषयी बोलायचे तर ही दृश्ये समोर ठेवून बोलावे. आणि तोच अर्थ पुढच्या प्रत्येक चित्रपटावर लादू नये, कारण सत्तरच्या दशकापर्यंत गोजिरा मुलांचा कैवारी झाला होता आणि त्या चित्रपटांतील खेळकरपणाही मनापासूनचा आहे.

अर्थाच्या चर्चेत अ‍ॅनिमेशनपट आणायचा असेल, तर ‘प्रिन्सेस मोनोनोके’ची सुरुवात योग्य ठरते. काळ्या वळवळत्या तंतूंनी वेढलेला रानडुकरांचा देव गावावर धावून येतो आणि मेल्यानंतर त्याच्या शरीरातून लोखंडाची गोळी निघते. माणसाच्या शस्त्राने केलेली जखमच त्या देवाला संहारक बनवते. गोजिराच्या अंगावरील भाजल्यासारखी कातडी आणि ही गोळी एकमेकांशेजारी ठेवा. त्यानंतर गोळ्या घडवणाऱ्या एबोशीला खलनायिका म्हणता येईल का, असे विचारा, कारण तीच महारोग्यांना आणि विकल्या गेलेल्या स्त्रियांना आपल्या वसाहतीत आसरा आणि काम देते. मी ज्या ज्या वेळी हा प्रश्न मांडला, त्या त्या वेळी गटाचे सरळ दोन भाग पडले, आणि ते भाग अ‍ॅनिमेशन व कायजू असे नव्हते.

वाद, अफवा आणि नवखी माणसे

कोण कोणाला हरवेल, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. चाहत्यांना तो मनापासून आवडतो. त्याला फक्त वेळेची मर्यादा घालावी आणि कोणत्या चित्रपटातील प्राणी हे आधी ठरवावे.

अफवांच्या बाबतीत मात्र कठोर राहावे. १९६२ च्या ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’चे दोन शेवट आहेत, जपानी प्रतीत गोजिरा जिंकतो आणि अमेरिकी प्रतीत काँग, असे अनेक वर्षे छापले आणि सांगितले गेले. ते खोटे आहे. दोन्ही प्रतींत दोघे समुद्रात कोसळतात आणि पाण्यावर केवळ काँग येऊन पोहत निघून जातो. फरक एवढाच की जपानी प्रतीच्या अखेरीस दोघांच्याही आरोळ्या ऐकू येतात आणि अमेरिकी प्रतीत एकट्या काँगची. कोणीही असे काही सांगितले, तर अपमान न करता दृश्य लावून दाखवावे.

शेवट फोडू नये, हे सर्वांना माहीत असते, तरी बोलण्याच्या ओघात ते घडते. ज्या दृश्यावर चर्चा आहे, त्यापुढचे काही बोलायचे झाल्यास आधी विचारून घ्यावे. गटात ज्याने यांपैकी काहीच पाहिलेले नाही असा एखादा असेल, तर त्याला सर्वांत आधी बोलू द्यावे, कारण आकृती त्याला पहिल्यांदा कधी मोठी वाटली हे जाणकारांना आता आठवणे कठीण असते. त्याच्यासाठी पहिल्या बैठकीत टोटोरोचा बसथांबा आणि ओदो बेटाची टेकडी ही दोनच दृश्ये पुरेत. दुसऱ्या बैठकीत ओमूंचा कळप आणि १९५४ मधील टोकियोवरील रात्रीचा हल्ला घ्यावा, आणि त्या वेळी हाताशी सेकंद मोजणारे घड्याळ ठेवावे.